बॉट्युलिझम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापण्या गळताहेत, एकाचे दोन दिसताहेत, बोलणं जड झालंय आणि घोट गिळता येत नाही, असं आत्ता कुणाच्या बाबतीत होत असेल तर पुढचं वाचत बसू नका. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या, महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन करा. बाकीच्यांसाठी सविस्तर उत्तरं खाली आहेत. काही प्रश्न घरच्या स्वयंपाकाचे आहेत, काही तालुक्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरांचे.

बॉट्युलिझम म्हणजे नेमकं काय?

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू जे विष तयार करतो, त्या विषाने येणारा पक्षाघात. हा संसर्ग कमी आणि विषबाधा जास्त आहे. या जिवाणूचे बीजाणू (त्याची सुप्त, चिवट रूपं) मातीत, नदी-समुद्राच्या गाळात, कंदमुळांच्या सालीवर असतात आणि आपण ते नकळत खातच असतो. मोठ्या माणसाच्या पोटातून ते सहसा तसेच बाहेर पडतात. घात होतो तो अन्नात बीजाणू रुजून जिवाणू वाढला आणि त्याने विष सोडलं तर.

विषाचे ए ते जी असे सात प्रकार पूर्वीपासून मानले जातात. माणसाला ए, बी आणि ई यांची बाधा होते, एफची क्वचित. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम आणि क्लॉस्ट्रिडियम बाराटी हे त्याचे भाऊबंदही अनुक्रमे ई आणि एफ प्रकारचं विष तयार करू शकतात. भारताच्या दृष्टीने यातलं पहिलं नाव महत्त्वाचं आहे, ते पुढे येईल.

हे विष शरीरात करतं काय?

स्नायूला हुकूम देण्यासाठी नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडावं लागतं. ते ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेलं असतं, त्या पिशव्या नसेच्या आवरणाला चिकटवणारी काही प्रथिनं असतात. विष नसेच्या टोकात शिरतं आणि ही प्रथिनं कापतं. ए आणि ई प्रकार स्नॅप-२५ हे प्रथिन कापतात. बी आणि एफ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन. पिशवी चिकटत नाही, रसायन बाहेर येत नाही, स्नायू लुळा पडतो.

ॲसिटिलकोलीनचा स्राव थांबतो हे बर्गेन आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. कात्री नेमकी कुठे चालते हे कळायला १९९२ उजाडलं. इटलीत पादुआच्या माँतेकुक्को यांच्या गटाने बी प्रकाराचं लक्ष्य शोधलं आणि पुढच्याच वर्षी ए प्रकाराचंही सापडलं. हा तपशील केवळ अभ्यासकांसाठी नाही. एकदा नसेच्या आत गेलेल्या विषापर्यंत औषध का पोचत नाही, हे यातूनच समजतं, आणि उपचारातली सगळी घाई त्याच कारणाने आहे.

संवेदनांच्या नसांना आणि मेंदूला धक्का लागत नाही. म्हणून रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं ऐकू येतं, समजतं. पापण्या मिटलेल्या आणि चेहरा निर्विकार पाहून त्याला बेशुद्ध समजण्याची चूक वॉर्डात होते. त्याच्याशी बोलत राहा. बोट हलत असेल तर बोटाने हो-नाही ठरवून घ्या.

किती विष पुरेसं असतं?

माकडांवरच्या प्रयोगांवरून काढलेल्या अंदाजानुसार ७० किलो वजनाच्या माणसाला ए प्रकारचं शुद्ध विष तोंडावाटे सुमारे ७० मायक्रोग्रॅम प्राणघातक ठरतं. थेट रक्तात गेलं तर ०.०९ ते ०.१५ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा शंकास्पद अन्न «जरासं चाखून बघू» हा विचारच नको.

याचा शोध कसा लागला?

जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात रक्ताचे आणि काळजाचे सॉसेज खाऊन माणसं मरत होती. तिथले वैद्यकीय अधिकारी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये अशा रुग्णांची तपशीलवार वर्णनं छापली. लक्षणांची त्यांची नोंद आजही जशीच्या तशी वापरता येईल इतकी चोख आहे. विषाचे थेंब त्यांनी स्वतःच्या जिभेवरही घेऊन पाहिले. अतिशय कमी मात्रेत हे विष स्नायूंच्या अनावर हालचालींवर औषध म्हणून चालेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं, धुरी दिलेलं डुकराचं मांस खाल्लं. ३४ जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून आणि मृताच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केला. मीठ पुरेसं असेल तर विष तयार होत नाही आणि तापवल्यावर विष निकामी होतं, हे त्यांनी काढलेले निष्कर्ष आजच्या अन्नसुरक्षेचा पाया आहेत.

कोणत्या अन्नात विष तयार होऊ शकतं?

नावांची यादी पाठ करण्यापेक्षा अटी लक्षात ठेवा. हवा नसावी किंवा अगदी कमी असावी, आंबटपणा कमी असावा (पीएच ४.६ च्या वर), ओल भरपूर असावी, मीठ-साखर कमी असावी आणि ऊब व वेळ मिळावा. या सगळ्या अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. एक जरी पक्की मोडली तरी जिवाणू वाढत नाही. अन्न टिकवण्याच्या आपल्याकडच्या बहुतेक जुन्या रीती यातली एक तरी अट मोडतात. पापड, कुरडया, सुकट यात ओल नसते. लोणच्यात आंबटपणा आणि मीठ असतं. मुरांब्यात आंबट कैरी आणि साखर.

तापमानाबद्दल एक खाच आहे. ए प्रकार तयार करणारे जिवाणू साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली वाढत नाहीत, पण ई प्रकारवाले ३ अंशांपर्यंत, म्हणजे फ्रिजमध्येही, हळूहळू वाढू शकतात. ते मुख्यतः मासळीत सापडतात. परदेशात व्हॅक्यूम पॅकमधला गोठवलेला मासा मिळतो, तो फ्रिजमध्ये वितळवताना आधी पिशवी उघडा किंवा तिला छेद द्या, ते याच कारणाने.

आजवरचे उद्रेक पाहिले तर अटी कशा जुळतात ते दिसतं:

- १९८५, व्हँकुव्हर: उपाहारगृहात वापरलेला, तेलात घालून फ्रिजबाहेर ठेवलेला चिरलेला लसूण.
- १९८९, ब्रिटन: हेझलनट योगर्ट. दही आंबट होतं, पण त्यात घालायचं डबाबंद हेझलनट मिश्रण साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरून केलं होतं आणि पुरेसं तापवलं नव्हतं. २७ रुग्ण, एक मृत्यू.
- १९९४, टेक्सासमधलं एल पासो: फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे तसेच बाहेर राहिले आणि नंतर त्यांची चटणी झाली. ३० रुग्ण.
- २००६, थायलंडचा नान प्रांत: घरी डब्यात भरलेले बांबूचे कोंब. २०९ जण आजारी, ४२ जणांना व्हेंटिलेटर लागला.
- २०१५, ओहायो: चर्चच्या जेवणातलं बटाट्याचं सॅलड, त्यासाठीचे बटाटे घरी चुकीच्या पद्धतीने बरण्यांत भरलेले. २९ रुग्ण, एक मृत्यू.

योगर्टचं उदाहरण सगळ्यांत शिकवणारं आहे. साखर केवळ चवीसाठी नव्हती, ती ओल बांधून ठेवत होती. कमी साखरेचा जॅम, कमी मिठाचं लोणचं असे बदल घरी करताना आपण नेमकं काय काढून घेतोय याचा विचार करा.

भारतात असं कधी झालं आहे का?

सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, त्यातले तीन दगावले. संशय बेसनाच्या शेवेवर होता आणि वर उल्लेख केलेला क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम त्यात सापडला. शेव हा कोरडा, तळलेला पदार्थ, त्यामुळे ही घटना «डबाबंद अन्न म्हणजेच बॉट्युलिझम» या समजाला छेद देते. आपल्याकडे नोंदी फार थोड्या आहेत. ताजं शिजवून खाण्याची सवय हे एक कारण नक्कीच. विषाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या असल्याने निदानच न होणं हे दुसरं, आणि ते नाकारता येत नाही.

आमच्या लोणच्याचं काय? वर तेल असतं, म्हणजे हवा नाही.

बरोबर, तेलाने हवा बंद होते आणि एरवी तो धोकाच ठरला असता. लोणचं सुरक्षित राहतं ते कैरी-लिंबाच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे. तेल बुरशीला रोखतं, या जिवाणूला रोखत नाही. म्हणून कैरी, लिंबू, आवळा यांच्या पारंपरिक लोणच्यांची चिंता नको.

लसूण, हिरवी मिरची, गाजर, फ्लॉवर, मशरूम यांची गोष्ट वेगळी. यांना स्वतःचा पुरेसा आंबटपणा नसतो. त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं आणि ते फोडींच्या आतपर्यंत मुरायला हवं. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या नुसत्या तेल-मिठात घालून बरणी ओट्यावर ठेवणं टाळा.

लसणाचं तेल, ठेचा, चिली ऑइल?

घरी केलेलं लसणाचं किंवा ताज्या वनस्पतींचं तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. उरलं तर टाका. ठेचा ताजा करून खाण्याचाच पदार्थ आहे. तो तेलात बुडवून पंधरा दिवस बाहेर ठेवायची जी नवी टूम निघाली आहे, तिथे हवा नाही, आंबटपणा नाही, ओल मात्र आहे, अशी अवस्था तयार होते. करायचाच असेल तर लिंबू पिळून फ्रिजमध्ये. पूर्ण सुकवलेली लाल मिरची आणि सुका मसाला घातलेल्या तेलाला हा धोका फार कमी, कारण ओलच नसते.

उकळलं की सगळं मरतं ना?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. विष नाजूक आहे, बीजाणू चिवट.

विष ८५ अंश सेल्सियसला पाच मिनिटांत निकामी होतं, पण ते तापमान अन्नाच्या मधोमध पोचलं पाहिजे. घरी बरणीबंद केलेलं कमी आंबट अन्न खाण्याआधी दहा मिनिटं खळखळून उकळावं असा नियम आहे. उंचीवर दर ३०० मीटरमागे एक मिनिट वाढवा. महाबळेश्वरला म्हणजे आणखी चार-पाच मिनिटं. हा नियम चांगल्या दिसणाऱ्या बरणीसाठी आहे. बिघडलेली बरणी उकळून वाचवण्यासाठी तो वापरू नका.

बीजाणू मात्र १०० अंशांच्या उकळीत तासन् तास टिकू शकतात. त्यांना मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सियस आणि सुमारे तीन मिनिटं लागतात. हा आकडा कॅलिफोर्नियातल्या एस्टी आणि मायर यांच्या १९२२ च्या कामातून आला आणि कॅनिंग, म्हणजे अन्न डबाबंद करण्याचा उद्योग आजही त्यावर चालतो. उलट अर्धवट उकळीने नुकसानच होतं: बाकीचे स्पर्धक जंतू मरतात, विरघळलेली हवा निघून जाते आणि वाचलेल्या बीजाणूंना मोकळं रान मिळतं.

आमच्या प्रेशर कुकरमध्ये १२० अंश होतात. मग त्यात बरण्या ठेवून कॅनिंग करता येईल?

करू नका. एक किलो दाबाच्या घरगुती कुकरमध्ये वाफेचं तापमान साधारण तेवढं जातं हे खरं, पण बरणीच्या मधोमध ते पोचायला किती वेळ लागतो हे बरणीचा आकार, रस्सा दाट की पातळ, आतली हवा पूर्ण निघाली की नाही, यावर ठरतं. छापील वेळा मोठ्या प्रेशर कॅनरसाठी तपासलेल्या असतात. तो हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. त्या संथपणाची उष्णता हिशेबात धरलेली असते. कुकर पटकन तापतो, पटकन निवतो.

अमेरिका-कॅनडात राहणारे अनेक मराठी लोक अंगणातल्या भाज्या बरण्यांत भरतात, त्यांच्यासाठी दोन नेमके आकडे. घेवड्याच्या शेंगांसारखी कमी आंबट भाजी समुद्रसपाटीजवळ वजनाच्या शिट्टीच्या कॅनरमध्ये १० पौंड दाबावर, पाइंटच्या बरणीला २० मिनिटं आणि क्वार्टला २५. टोमॅटो सीमारेषेवर असतात, काही जातींचा पीएच ४.६ च्या वर जातो; म्हणून पाइंटला एक आणि क्वार्टला दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घाला, किंवा पाव आणि अर्धा टीस्पून सायट्रिक ॲसिड. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, बाटलीतल्या रसाचा ठरलेला असतो. टोमॅटोत कांदा, लसूण, मिरची वाढवून वेळ तीच ठेवली तर हिशेब कोलमडतो.

वासावरून, फुगलेल्या डब्यावरून कळतं का?

फुगलेला, गळका, उघडताच फसफसणारा डबा टाकाच. पण उलट खात्री नाही. काही जाती प्रथिनं कुजवतात आणि घाण वास येतो. ई प्रकारवाले आणि बी प्रकारातले काही अजिबात वास करत नाहीत.

बाळाला मध चाटवायचा नाही म्हणता. मग बाळगुटी आणि सुवर्णप्राशनाचं काय?

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध कोणत्याही रूपात नको. जन्मल्याबरोबर सोन्याच्या वळ्याने मध चाटवणं, गुटी मधात उगाळणं, सुवर्णप्राशनाचे मध-तुपातले थेंब, खोकल्यासाठी मध-आलं, हे सगळं यात आलं. घरच्या मोठ्यांना समजावताना «मध वाईट» असं म्हणू नका, ते त्यांना पटणार नाही आणि खरंही नाही. मधात बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात त्यांना रोखणारे इतर जंतू अजून पुरेसे स्थिरावलेले नसतात, एवढंच सांगा. बीजाणू तिथे रुजतात आणि विष आतच तयार होतं. वर्षानंतर तोच मध चालतो. मध गरम करून उपयोग नाही, शुद्ध किंवा रानातला असूनही नाही.

हा प्रकार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आतले असतात. पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठ. मग दूध ओढण्याचा जोर कमी होतो, रडणं क्षीण होतं, मान धरलेली असेल तर सुटते, पापण्या जड, चेहरा भावहीन, अंग सैल. ताप नसतो. «दूध कमी पितंय, शी झाली नाही, रडत पण नाही, शांत आहे» असं आई सांगते तेव्हा त्या शांतपणावर खूश होऊ नये.

मध न देताही हा आजार होतो. अनेक बाळांमध्ये बीजाणू धूळ-मातीतून आल्याचं मानलं जातं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत बाळांच्या दुधाच्या भुकटीशी जोडलेला उद्रेकही झाला. तेव्हा मधाचा इतिहास नाही म्हणून डॉक्टरांनी शंका सोडू नये.

मोठ्यांत लक्षणं कशी आणि कधी सुरू होतात?

अन्नानंतर बहुधा १२ ते ३६ तासांत; कधी काही तासांत, कधी आठ-दहा दिवसांनी. सुरुवातीला मळमळ, उलटी, पोटदुखी असू शकते. त्यानंतर क्रम ठरलेला असतो, वरून खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा. धूसर किंवा दुहेरी दिसणं, पापण्या गळणं, तोंडाला कोरड, जीभ जड, आवाज नाकातून येणं, पाणी नाकावाटे परतणं. मग मान, खांदे, हात, श्वासाचे स्नायू, पाय. ताप नाही, बधिरपणा नाही, बद्धकोष्ठ असतं.

जखमेतूनही बॉट्युलिझम होतो, विशेषतः कातडीखाली हेरॉइन टोचणाऱ्यांत. तिथे पोटाची लक्षणं नसतात आणि जखमेमुळे ताप असू शकतो.

कशाशी गल्लत होते?

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी हा या पानावरचा सगळ्यांत उपयोगी भाग.

मण्यार चावली तर जवळजवळ हेच चित्र दिसतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी घेऊन उठतो, पापण्या पडतात, गिळता येत नाही. दंश दुखत नाही, खूण सापडत नाही. खेड्यात, पावसाळ्यात, सकाळी असा एकटा रुग्ण आला तर आधी मण्यार, कारण ती कितीतरी पटीने जास्त आढळते आणि तिच्यावरची लस हाताशी असते. एकाच जेवणातले दोघे-तिघे आले तर मात्र पारडं झटकन बॉट्युलिझमकडे झुकतं. सापाची लस बॉट्युलिझमवर चालत नाही.

कीटकनाशकाची, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा बहुतेक बाबतीत उलटी असते: बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ-घाम-जुलाब, नाडी मंद. बॉट्युलिझममध्ये तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या किंवा मंद, आतडी थंडावलेली. बाहुल्या सर्वच रुग्णांत मोठ्या नसतात, हे ध्यानात असू द्या.

गियाँ-बारे, म्हणजे जीबीएस हा नसांचा आजार, २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढल्याने सगळ्यांना माहीत झाला. तो सहसा पायांपासून वर चढतो, मुंग्या-बधिरपणा असतो. त्याचा मिलर फिशर हा उपप्रकार डोळ्यांपासून सुरू होतो, पण त्यात तोल जातो. पाठीच्या पाण्यात प्रथिन वाढलेलं सापडलं तर जीबीएसकडे कल; मात्र पहिल्या आठवड्यात ते साधारण असू शकतं. मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची) चाचणी थोडी सकारात्मक आली म्हणून बॉट्युलिझम बाद होत नाही. घसा आणि टाळू आधी लुळा पडला असेल तर घटसर्पही आठवा.

निदान कसं पक्कं करतात?

उपचाराचा निर्णय खाटेजवळच्या तपासणीवर घ्यायचा असतो. प्रयोगशाळा नंतर शिक्कामोर्तब करते.

प्रमाण मानली गेलेली चाचणी उंदरांवरची. रुग्णाचं सीरम उंदरांना टोचतात, काहींना सोबत एकेका प्रकारचं प्रतिविष देतात. ज्या प्रतिविषाने उंदीर वाचतात तो प्रकार. याला चार दिवसांपर्यंत लागू शकतात. आता विषाची कात्री प्रत्यक्ष चालते का हे मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासणारी पद्धत आहे. तिचं उत्तर काही तासांत मिळतं, पण यंत्र महाग आणि केंद्रं कमी. पीसीआर जनुक दाखवतो, विष नाही.

नमुने घेताना चुका होतात त्या अशा. अँटिटॉक्सिन, म्हणजे प्रतिविष, दिल्यानंतर रक्त घेतलं तर विष सापडत नाही. आधी घ्या, साध्या नळीत, १० मिली सीरम निघेल इतकं. शौच १० ते २० ग्रॅम. बद्धकोष्ठ असल्याने वाट पाहण्यात दिवस जातात, तेव्हा जंतुरोधक न घातलेल्या निर्जंतुक पाण्याचा छोटा एनिमा द्या. उरलेलं अन्न मूळ भांड्यातच पाठवा. सगळं २ ते ८ अंशांवर, गोठवू नका.

ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) करणार असाल तर २ ते ३ हर्ट्झवर थांबू नका. स्नायूचा मूळ प्रतिसाद लहान आणि २० ते ५० हर्ट्झच्या जलद उत्तेजनावर तो वाढणं, ही खूण आहे. ते दुखतं, पर्याय म्हणून रुग्णाला दहा सेकंद स्नायू पूर्ण ताकदीने आवळायला लावून लगेच उत्तेजन द्या. सुरुवातीच्या दिवसांत ही तपासणी साधारण येऊ शकते.

उपचार काय?

श्वास आणि अँटिटॉक्सिन.

श्वासावर नजर ठेवताना बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. स्नायू थकून कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो. स्पायरोमीटर असेल तर फुप्फुसाची क्षमता दर काही तासांनी मोजा. नसेल तर एका श्वासात किती अंक मोजता येतात ते लिहून ठेवा. आकडा घसरतोय हेच पुरेसं. लाळ साठू लागली तर श्वास ठीक दिसत असला तरी नळी घालण्याची तयारी ठेवा. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अमिनोग्लायकोसाइड आणि मॅग्नेशियम टाळा. दोन्हींनी स्नायू आणखी लुळे पडतात.

अँटिटॉक्सिन रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधतं. नसेत शिरलेल्याला ते हात लावू शकत नाही. म्हणून ते दिल्यावर पक्षाघात ओसरत नाही, वाढायचा थांबतो, आणि «औषध लागू पडलं नाही» असा नातेवाइकांचा गैरसमज होतो. आधीच सांगून ठेवा. अमेरिकेतल्या ए प्रकारच्या १३२ रुग्णांच्या १९८४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांत अँटिटॉक्सिन मिळालेल्यांत मृत्यू १० टक्के होते, नंतर मिळालेल्यांत १५, अजिबात न मिळालेल्यांत ४६.

सातही प्रकारांवर चालणारं, घोड्याच्या सीरमपासून केलेलं अँटिटॉक्सिन अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं. प्रौढांना एक कुपी, सलाइनमध्ये दहापट पातळ करून, पहिला अर्धा तास मिनिटाला ०.५ मिली आणि सोसलं तर वाढवत कमाल २ मिली. घोड्याचं प्रथिन असल्याने ॲलर्जीची तयारी, म्हणजे ॲड्रेनलिन, खाटेशी हवी. अर्भकांसाठी मानवी रक्तद्रव्यापासून केलेलं वेगळं इम्युनोग्लोब्युलिन आहे. स्टीफन आर्नन यांच्या गटाने १२२ बाळांवर घेतलेल्या चाचणीत त्याने रुग्णालयातला सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ वर आला. २००३ मध्ये ते मंजूर झालं.

यातलं काहीही आपल्याकडच्या औषध दुकानात मिळत नाही. शंका आली त्याच तासाला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. अँटिटॉक्सिनची हालचाल आणि त्याच अन्नाचे बाकीचे खाणारे शोधणं, दोन्ही तिथून सुरू होतात. त्या हालचालीला वेळ लागणार हे धरून रुग्ण व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी आधीच हलवा.

प्रतिजैविकं फक्त जखमेच्या प्रकारात, जखम साफ करण्याबरोबर, आणि शक्यतो अँटिटॉक्सिननंतर. बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूवर ती वापरत नाहीत. जिवाणू फुटून आणखी विष सुटण्याची भीती असते.

रुग्ण पूर्ण बरा होतो का?

बहुतेक होतात, पण आठवडे-महिने लागतात. नसेच्या टोकाला आधी नवे फाटे फुटतात, तेच तात्पुरतं काम चालवतात. मूळ टोक सावरलं की फाटे आक्रसतात, असं उंदरांवरच्या १९९९ च्या संशोधनात दिसलं. पूर्वी निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत; अतिदक्षता उपचार मिळणाऱ्या देशांत आता मृत्यू पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. थकवा आणि धाप वर्षभरही राहू शकते. एकाकडून दुसऱ्याला हा आजार लागत नाही, तेव्हा रुग्णाला वेगळं ठेवण्याची गरज नाही.

बोटॉक्सने बॉट्युलिझम होऊ शकतो का?

बोटॉक्स हे याच विषापासून केलेलं औषध. मान्यताप्राप्त औषध, योग्य मात्रा आणि जाणता हात असेल तर धोका अगदी कमी. १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हापासूनचा अनुभव मोठा आहे. प्रकरणं घडतात ती मात्रा किंवा माल बिघडल्यावर. २००४ मध्ये फ्लोरिडात परवाना नसलेलं, संशोधनासाठीचं विष टोचून चौघांना पक्षाघात झाला. २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी तुर्कस्तानात जठरात बोटॉक्स टोचून घेतलेले अनेक रुग्ण युरोपभर सापडले. इंजेक्शननंतर गिळायला त्रास, दुहेरी दिसणं, आवाज बदलणं झालं तर दवाखान्यात कुपीचं नाव आणि मात्रा घेऊन जा.

नवीन संशोधन कुठे पोचलं आहे?

मोठा प्रश्न नसेच्या आत पोचण्याचा. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दोन गटांनी एक नामी युक्ती दाखवली: निर्विष केलेलं बॉट्युलिनमच वाहन म्हणून वापरून प्रतिपिंडाचा तुकडा नसेत उतरवायचा. पक्षाघात झालेले उंदीर त्याने सावरले. माणसासाठी ते अजून उपचार झालेलं नाही. घोड्याऐवजी प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या मिश्रणावरही काम सुरू आहे. सर्वसामान्यांसाठी लस नाही, आणि या विषाचा औषध म्हणून इतका उपयोग असताना सगळ्यांना त्याची लस देणं शहाणपणाचंही ठरणार नाही.

शंकास्पद बरणी टाकायची कशी?

चाखू नका, हुंगू नका, बेसिनमध्ये ओतू नका. कुणी आजारी असेल तर ती पुरावा आहे: दोन पिशव्यांत बांधा, «खाऊ नये» लिहा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आरोग्य खात्याला द्या. कुणी आजारी नसेल तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात, कुत्र्या-मांजरांना सापडणार नाही अशी. सांडलं असेल तर हातमोजे घालून दोन कप पाण्यात पाव कप ब्लीच मिसळा, डागावर ओता, कागदी रुमालांचे थर टाकून १५ मिनिटं ठेवा, मग पुसा. रुमाल, स्पंज आणि हातमोजे त्याच पिशवीत जाऊ द्या. शेवटी हात साबणाने धुवा.